गावभागातलं कॅसेटचं दुकान : चार स्टार, पाचवा आईनं कापला

चार स्टार देतेय. पाचवा मी नाही, आईनं कापलाय. का ते शेवटी सांगते.

सांगलीत गावभागात एक काका जुन्या ऑडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देतात. व्हिडिओ कॅसेटपण करतात म्हणे पण माझा अनुभव ऑडिओचाच. दुकान म्हणजे घराच्या खालची रस्त्याकडची खोली, बोर्ड नाही काही नाही, दारावर खडूनं 'कॅसेटचं काम होईल' एवढंच लिहिलंय आणि तेही पावसानं निम्मं गेलंय. नाव-नंबर इथं टाकत नाही कारण त्यांनीच सांगितलं की ताई टाकू नका, मी एकटा माणूस, लोकं पोत्यानं कॅसेट आणून टाकतात आणि मग रोज फोन करतात झालं का झालं का. गावभागात कुणालाही "कॅसेटवाले काका कुठं" विचारा, तिसऱ्या माणसाला तरी माहीत असतंच.

आता माझ्याकडं कॅसेट कुठनं आल्या ते सांगायला पायजे. आमचे अण्णा म्हणजे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि त्यांना रेकॉर्डिंगचं वेड होतं. पॅनासोनिकचा टू-इन-वन होता, म्हणजे रेडिओ आणि टेप एकातच, तो खांद्याला पट्टा लावून ते सगळीकडं न्यायचे. मिरजेच्या दर्ग्यात उरसाला गाणं ऐकायला जाताना, कुस्तीच्या मैदानाला, पंढरपूरला, अगदी लग्नालासुद्धा. आणि बटण दाबलं की पहिल्यांदा स्वतःच निवेदन करायचे, आकाशवाणीवर करतात तसं घसा साफ करून, "आज दिनांक अमुक अमुक, वेळ सकाळचे सात वाजून दहा मिनिटे, हवा स्वच्छ आहे". हवा का सांगायचे ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. बहुतेक खात्यातली सवय, पावसाची नोंद ठेवायची म्हणून.

तर अशा 31 कॅसेट घरात होत्या आणि 2019 चा पूर आला. सांगलीकरांना सांगायला नको, आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी गेलं 57 च्याही वर. आमच्या खालच्या घरात माझ्या गळ्याएवढं पाणी होतं. माळ्यावरच्या ट्रंकेतल्या 22 वाचल्या, खालच्या कपाटातल्या 9 चार-पाच दिवस पाण्यात. अण्णा तेव्हा होते, त्यांनी त्या 9 बाहेर काढल्या, चिखल पुसला, कॅरीबॅगेत घातल्या आणि काही बोलले नाहीत. नंतर दोन वर्षांनी ते गेले. कॅरीबॅग तशीच राहिली. मधे एकदा मी दुसऱ्या एका ठिकाणी (सांगलीतलंच पण नाव नको) एक कॅसेट नमुन्याला दिली होती, त्यांनी तशीच्या तशी मशिनमधे घालून चालवली, टेप तुटली, आणि वर मलाच म्हणाले मॅडम माल खराब आहे. त्यामुळं धसका घेतलेला.

काकांनी काय केलं, तर कॅरीबॅग उघडली आणि पहिल्यांदा एका कॅसेटचा वास घेतला. खरंच नाकाला लावून. म्हणाले, "पुराची ना ही?" हो म्हटलं. "चालवून बघितली नाही ना?" नाही म्हटलं. "मग होईल. चालवलेली असती तर हात लावला नसता." मग बसवलं आणि समजावून सांगितलं. पुराचं पाणी वाळलं तरी बारीक गाळ टेपच्या वेढ्यांमधे राहतो, आणि टेप असते जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद, तशीच फिरवली की तो गाळ पॉलिश पेपरसारखा घासतो आणि आवाज ज्या थरात असतो तो थरच खरवडून निघतो. म्हणून आधी कॅसेटचे पाच स्क्रू काढून आतली दोन्ही चाकं बाहेर काढायची, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरनं धुवायची, सावलीत वाळवायची (उन्हात नाही, टेप आकसते), आणि मग नव्या रिकाम्या खोक्यात बसवायची. ज्या कॅसेटला स्क्रू नसतात, चिकटवलेल्या असतात, त्या ब्लेडनं फोडायला लागतात. माझ्या 9 मधल्या 2 तसल्या होत्या. आतला तो फेल्टचा बारका तुकडा असतो ना, टेपला मशिनच्या डोक्यावर दाबून धरणारा, तो 6 कॅसेटमधे गळून पडला होता. त्यांच्याकडं जुन्या कॅसेटची एक बरणी आहे, लोणच्याची असते तसली, त्यात फक्त हे तुकडे.

रेट सांगते. चांगल्या कॅसेटला 150, पुराच्या किंवा बुरशीच्या कॅसेटला 300, पेनड्राइव्ह तुमचा. आधी काही घेत नाहीत. वेळ मात्र लागतो, कारण एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, फास्ट करता येत नाही. मला 31 ला सव्वादोन महिने लागले. दुपारी 1 ते 4 बंद. त्या वेळात बेल वाजवू नका, मी वाजवलीय.

बसायला एक स्टूल आहे आणि समोर भिंत. भिंतीवर पेपरमधली कात्रणं चिकटवलीत, एक विजय हजारे आणि एक स्मृती मानधना, मधे मिरजेच्या एका दुकानाचं कॅलेंडर. काका क्रिकेटवाले. हजारे सांगलीत जन्मले हे मला माहीत होतं पण ॲडलेडला ब्रॅडमनच्या टीमविरुद्ध एकाच टेस्टमधे दोन्ही डावांत शतकं, 116 आणि 145, हे मला त्या स्टुलावर कळलं. स्मृतीचं कात्रण 2025 च्या नोव्हेंबरमधलं, वर्ल्ड कप जिंकल्यानंतरचं. ती माधवनगरची, त्यामुळं इथं प्रत्येकाकडं तिची एक तरी गोष्ट असतेच, काकांच्याकडं तीन होत्या आणि तिन्ही ऐकीव. पण एक त्यांनी भारी सांगितलं. 1952 च्या फेब्रुवारीत हजारे कॅप्टन असताना मद्रासला इंग्लंडला हरवून आपण पहिली टेस्ट जिंकली, आणि त्याच वर्षी जुलैमधे हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्रॉंझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. "एक सांगलीचा, एक गोळेश्वरचा. कृष्णेचं पाणी ताई." आता हजारे पुढं बडोद्याकडून खेळले वगैरे मी म्हणणार होते पण गप्प बसले, मशीन त्यांच्या हातात होतं.

गोळेश्वरवरनं आठवलं. लहानपणी सातारला आत्याकडं एसटीनं जायचो, कराड आलं की अण्णा न चुकता मला झोपेतनं उठवायचे आणि खिडकीतनं बोट दाखवायचे, तिकडं गोळेश्वर, खाशाबांचं गाव. तिकडं म्हणजे नक्की कुठं ते कधी दिसलं नाही, स्टँडची भिंत दिसायची. पण सवय अशी लागली की आजही कराडला गाडी थांबली की मला जाग येते.

बरं आता तक्रार. पहिल्या हप्त्यात 5 कॅसेट मिळाल्या, घरी आणून लावल्या. पहिलीच दर्ग्याची होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाला संगीत सभा होते, उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत. खाँसाहेब किराणा घराण्याचे, मिरजेत राहिले, 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले असताना वाटेत सिंगपेरुमल कोईल स्टेशनवर गेले. तब्येत बिघडली म्हणून गाडीतनं उतरले, फलाटावरच अंथरूण घातलं, तानपुरा जुळवून गायला बसले आणि तिथंच गेले असं सांगतात. तिथनं त्यांना मिरजेला आणलं, मजार दर्ग्यातच आहे. तिथं कलाकार बिदागीसाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात. आम्ही चिंचेच्या झाडाखाली सतरंजीवर असायचो, मी कायम झोपलेली, अण्णांची शाल अंगावर आणि कानाशी टू-इन-वन. म्हणजे ते गाणं मी ऐकलंय पण झोपेत ऐकलंय, त्यामुळं ही कॅसेट मला सगळ्यात आधी हवी होती.

लावली तर अण्णांचं निवेदन स्वच्छ, "पहाटेचे सव्वातीन, हवा थंड आहे". गायकाचं नाव नेमकं सांगितलेलं नाही, हवा सांगितलीय! मग गाणं सुरू झालं आणि मला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. आवाज एकदम स्वच्छ, स्टुडिओत गायल्यासारखा, पण कोरडा. आळणी आमटी कशी लागते तसा. दोनदा ऐकल्यावर कळलं, तानपुरा नाही. तानपुराच नाही! गायक एकटा पोकळीत गातोय. आणि लोकांचं "वाह", मागनं कुणीतरी खोकतंय, पहाटेची बांग, काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी गेले. काकांनी ऐकलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. झालं असं होतं की त्यांनी कॉम्प्युटरवर खरखर काढायचं सॉफ्टवेअर लावलं होतं. त्याला आधी एक नमुना दाखवायला लागतो की बाबा ही खरखर, असलं जिथं दिसेल तिथं काढ. काकांनी नमुन्याला घेतलं गाणं सुरू व्हायच्या आधीचे दहा सेकंद, आणि त्या दहा सेकंदांत काय चालू होतं, तर तानपुरा. एकसारखा, न थांबता, तेच चार सूर. सॉफ्टवेअरला वाटलं हीच खरखर, आणि अख्ख्या तासातनं वेचून काढून टाकला. मिरजेच्या दारात बसून तानपुऱ्याला कचरा ठरवायचा म्हणजे बघा. जिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यानपिढ्या तानपुरे बनतात, 2024 मधे मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग (म्हणजे ही वस्तू याच गावची असं सरकारी मानांकन) मिळाला, तिथं.

पण इथं मी काकांना मार्क देते. वाद नाही, "माल खराब" नाही, पैसे परत देऊ लागले (मी घेतले नाहीत). म्हणाले सगळ्या परत करतो, काही न काढता, कच्च्या. आणि त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट करून दाखवली. मशिनच्या डोक्याजवळ एक बारका स्क्रू असतो, तो फिरवला की डोकं केसभर इकडं तिकडं कलतं. टेप ज्या मशिनवर रेकॉर्ड झाली त्याच्या डोक्याचा तिरकेपणा आणि वाजवणाऱ्या मशिनचा तिरकेपणा जुळला नाही तर आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा येतो. काकांनी हेडफोन मला दिला आणि स्क्रू सावकाश फिरवायला लागले. आधी नुसतं घूं घूं. मग घूं घूं. मग अचानक तार उघडली. मिरजेतले कारागीर घोडीवर तारेखाली सूत सरकवून जव्हारी जमवतात ना, अगदी तसं, एका केसाच्या फरकात तो झंकार येतो, तसा तानपुरा उघडला आणि त्याच्यामागं चिंचेखालची सगळी माणसं आली. मागं कुणाचं तरी पोर रडतंय, ते मीच असणार अशी माझी समजूत आहे, झोपलेली होते ते सोडून द्या.

काका म्हणाले, "तुमच्या अण्णांच्या मशिनचं डोकं वाकडं होतं." म्हटलं मशिनचंच होतं ना? हसले.

त्यामुळं कोणी जाणार असाल तर पहिल्यांदाच सांगा, आवाज साफ करू नका, कच्चा द्या, आणि एमपीथ्री नको, वेव्ह फाइल द्या. तासाला 600 एमबीच्या आसपास होते, एमपीथ्री 60 मधे बसते, पण पेनड्राइव्ह काय स्वस्त झालेत. खरखर नको असेल तर नंतर कधीही काढता येते, काढलेली परत घालता येत नाही.

कुस्तीच्या 7 कॅसेट निघाल्या. मी कुस्तीचं मैदान आयुष्यात बघितलेलं नाही, आमच्या वेळी मुलींना नेत नव्हते, त्यामुळं मला कुस्ती म्हणजे ऐकायचीच गोष्ट. हलगी सुरू झाली की बाकी सगळं दबतं, हलगी थांबली की दोन सेकंदांनी माणसं वर येतात, फुगा सोडल्यासारखी. मला वाटलं टेप खराब आहे, पण काका म्हणाले जुन्या टू-इन-वनमधे मशीन आपोआप आवाज वर-खाली करतं, मोठा आवाज आला की सगळंच दाबतं. एका कॅसेटमधे अण्णांनी शेजारच्या म्हाताऱ्याला बोलतं केलंय. गाव कुठलं ते कळत नाही, नेमकं तिथं हलगी. विषय मारुती माने, आपल्या कवठेपिरानचे हिंदकेसरी. 1962 ला जकार्ताच्या एशियाडमधे फ्रीस्टाईलला सोनं आणि ग्रीको-रोमनला चांदी. तर म्हातारा म्हणतो, "फ्रीस्टाईल समजतंय गड्या, ती आपलीच. पर ती दुसरी कसली? कमरंखाली हात लावायचा न्हाई म्हनं. पाय धरायचा न्हाई, टांग मारायची न्हाई. मग काय पंगतीत बसून कुस्ती खेळायची का?" अण्णा म्हणतात, तरी त्यात चांदी आणली. म्हातारा जरा वेळ गप्प, मागं घोषणा चाललीय, कुणाची तरी कुस्ती नारळावर (म्हणजे बक्षीस नुसता नारळ) लागलीय, आणि मग म्हातारा म्हणतो, "तेच सांगतोय न्हवं का." एवढंच. हे मी घरी वीस वेळा तरी ऐकलं असेल. माझा मुलगा आता गणिताला कमी मार्क पडले की हेच म्हणतो, तेच सांगतोय न्हवं का.

प्रवासाच्या 4 आहेत, त्यातली 1 जमली नाही, टेपच चिकटून लाकूड झालेली, काकांनी तिचे पैसे घेतले नाहीत. बाकी दोनमधे एसटी आहे, म्हणजे खडखडाट आणि कंडक्टरची डबल बेल, विशेष काही नाही. चौथी मात्र मिरज-पंढरपूर नॅरो गेजची. मिरज जंक्शनला एकेकाळी ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेज होते, त्यातली ही सगळ्यात बारकी, रुळांत अडीच फुटाचंच अंतर. आता ब्रॉड गेज झालं, गाडी सुसाट जाते. त्या कॅसेटमधे अण्णा स्टेशनं सांगत जातात, आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, आणि प्रत्येक स्टेशनला हवा. आजीचा आवाज आहे, भडंगाची पिशवी कुठं ठेवली विचारतेय. पाऊण तास एकच पिशवी शोधतायत. मागं चाकांचा टकटक टकटक आवाज, तो ब्रॉड गेजचा नव्हेच, जवळजवळचा, शिलाई मशिनसारखा. पिशवी ढालगावच्या पुढं सापडते. वरच्या फळीवर होती.

आता पाचवा स्टार.

कुस्तीच्या एका कॅसेटचा बी साइड संपत आला की अण्णा म्हणतात "येथेच थांबतो, हवा उष्ण आहे", खट करून बटण, आणि त्याच्यानंतर दोनेक मिनिटं टाळ-मृदंग आणि आठ-दहा बायका अभंग म्हणतायत. मधूनच, शेवटही नाही सुरवातही नाही. मी आईला दाखवायला लावलं. आई 76 वर्षांची, गुडघे धरून बसली होती, ती ताडकन उठली. "बघ! बघ! मी म्हणत होते!"

तर प्रकरण असं की आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचं अख्ख्या तासाचं भजन आईनं टेप करून घेतलेलं, 1991 सालात. त्यात मधे एक अभंग तिनं एकटीनं म्हटलेला. ती कॅसेट गायब झाली. आईचं म्हणणं अण्णांनी त्यावर कुस्ती टेप केली. अण्णांचं म्हणणं आपण असं करणं शक्य नाही, कोरी कॅसेट होती. हे भांडण 30 वर्षं चाललं, दर दिवाळीच्या साफसफाईला नव्यानं, आणि अण्णा गेले ते आपलंच खरं म्हणत गेले. आणि पुरावा कॅसेटच्या शेपटाला तसाच शिल्लक होता, कारण कुस्ती दोन मिनिटं आधी संपली.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः रिक्षानं काकांच्या दुकानात. मी सोबत. स्टुलावर बसली आणि म्हणाली, कुस्तीच्या खालचं माझं भजन काढून द्या. काकांनी शांतपणे सांगितलं, वहिनी, टेपवर दुसरं भरताना मशीन आधीचं पुसतं, खाली काही राहत नाही. आई म्हणाली पुराच्या गाळातनं काढलंत, कुस्तीच्या खालनं काढता येत नाही? काका म्हणाले गाळ वर असतो, कुस्ती आत जाते. आईनं भिंतीवरच्या हजारेंकडं बघितलं, स्मृतीकडं बघितलं, काकांकडं बघितलं.

"मग काय उपयोग," म्हणाली.

तर चार स्टार. दुपारी 1 ते 4 बंद, गुरुवारी पूर्ण बंद, गाडी लावायला जागा नाही. दोन मिनिटांचं भजन काकांनी वेगळ्या फाइलमधे करून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि फाइलला नाव दिलंय 'वहिनींचे उरलेले'. आईच्या फोनची रिंगटोन तीच आहे.